अक्का, मल्लिगे तूच शिकवली होतीस

अक्का, तुझं तेरावं झालं, पंगती उठल्या, केळीची पानं मागच्या अंगणात गेली आणि त्यानंतर मला समजलं की रेखाचं दूध आपणहून गेलेलं नाही, ते आटवलेलं आहे. मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, फुलं छातीवर बांधून, अगदी तू शिकवायचीस तसं, आणि तुझ्याच हाताखाली तयार झालेल्या मुलीकडून. हे तुला सांगायला म्हणून मी तुझ्या खोलीच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. सवयच तशी लागली आहे. काही बिनसलं की आधी तुझ्याशी भांडायचं आणि मग दोघींनी कामाला लागायचं. आता भांडायला कुणी नाही म्हणून हे लिहिते आहे. अक्का गेली की सगळे म्हणतात, आईसारखी माया केली. मी तसं म्हणणार नाही. तू माझी मावसबहीण, आणि तू मला भरपूर छळलंस.

नर्सिंग होममध्ये तू मोठी सिस्टर आणि मी तुझ्या हाताखालची. मागची खोली, जिथे पूर्वी सलाइनची खोकी रचलेली असायची, तिथे शनिवारी दुपारी तुझा वर्ग भरायचा. चटईवर पाच-सहा मुली. कुणी नर्सिंग शिकलेली, कुणाला नुसतीच बाळंतिणींचं करायची हौस. आईला दूध कसं येतं, बाळाला छातीशी कसं धरायचं, अडलं तर काय करायचं, एवढाच विषय. डॉक्टरीणबाईंनी एकदा सांगितलं की बाहेरदेशी याचं वेगळं शिक्षण असतं, परीक्षा असते, फक्त हेच काम करणाऱ्या बायका असतात. तू म्हणालीस, "आमच्याकडं ह्या परीक्षेला सगळ्या आज्ज्या बसल्यात, डॉक्टर. निम्म्या विषयांत पैकीच्या पैकी, निम्म्यांत भोपळा." बाई हसल्या आणि त्यांनी खोकी हलवायला सांगितली.

आपण शिंप्यांच्या घरातल्या. शिकवायला बाहुली हवी म्हटल्यावर तू विकत थोडीच आणणार! कब्बनपेटेतल्या मामाच्या दुकानातले तुकडे आणून तू बाळाएवढी बाहुली शिवलीस, आत वाळू घालून तिला वजनही दिलंस. तोंड मात्र लाल रेशमानं भरलंस, नाजूक मिटलेले ओठ. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. मुली त्या बाहुलीवर शिकल्या आणि वॉर्डात जाऊन मिटल्या तोंडाची बाळं आयांच्या छातीला टेकवायला लागल्या. बाळ नुसतंच टोक चोखायचं, आई कळवळायची, दुसऱ्या दिवशी चिरा पडलेल्या. इतक्या बायकांना एकदम काय झालं ते आपल्याला कळेना. शेवटी मी म्हणाले, "अक्का, तुझी बाहुली जांभई देत नाही." तू माझ्याकडे रागानं पाहिलंस, मग बाहुलीकडे पाहिलंस, कात्री घेतलीस आणि स्वतःचं भरतकाम स्वतः उसवलंस. आत लाल फ्लॅनेल लावून तू तिला आ वासलेलं तोंड केलंस. बाहुली भुतासारखी दिसायला लागली, पण मुली थांबायला शिकल्या.

तेव्हापासून तुझी वाक्यं पाठ झाली सगळ्यांना. "तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांबायचं. हनुवटी आधी टेकायला हवी. काळा भाग वरनं स्वल्प दिसंल, खालनं दिसायचा नाही. आईला दुखतंय म्हणजे धरलेलं चुकलंय, सोडवा आणि परत धरा." बाळाचं डोकं मागून दाबणारी एखादी मुलगी सापडली की तू तिच्या मागे जाऊन तिच्या डोक्यावर तळहात ठेवून पुढे ढकलायचीस. ती आपोआप मान मागे ताठ करायची. "बघ, तू पण तेच केलंस की!" मग तिला मान खांद्याकडे वळवून पाणी प्यायला लावायचीस आणि ती ठसकली की खूश व्हायचीस. तुझा हा आनंद मला कधी आवडला नाही, पण त्या मुली बाळाची मान वाकडी धरायला परत धजल्या नाहीत हेही खरं.

दूध वेगळं आणि पान्हा वेगळा, हे शब्द मी लहानपणापासून ऐकलेले, पण त्यांचा अर्थ तू लावून दिलास. दूध तयार होतं ते ओढल्यानं. जितकं निघेल तितकं भरतं, आणि साठून राहिलं की शरीर समजतं, आता गरज नाही, आणि हात आखडतं. पान्ह्याचं तसं नाही. भीती वाटली, लाज वाटली, कुणी टोचून बोललं, की तो अडतो. दूध आतच असतं, फक्त सुटत नाही. बायका म्हणतात धसक्यानं दूध आटलं. तू म्हणायचीस, धसक्यानं पान्हा लांबतो. दूध आटतं ते त्यानंतर, बाळाला लावणं थांबवल्यामुळे.

माझ्या गिरीशच्या वेळी माझा पान्हा असाच अडला होता. खोलीत सासू, आत्या, शेजारच्या दोघी, सगळ्या माझ्या छातीकडे टक लावून बसलेल्या. तू आलीस, दारातच कपाळाला हात लावलास आणि म्हणालीस, "अगाई, केवढी दृष्ट लागलीय! सगळ्या बाहेर व्हा, मला उतरवायची आहे." सगळ्या मुकाट उठल्या. दार लावून तू मीठ-मोहरी खिडकीतून टाकून दिलीस, माझ्या पाठीवरून हात फिरवत बसलीस आणि तुझ्या नवऱ्याच्या घोरण्याच्या नकला केल्यास. हसता हसता माझा पदर भिजला. हे उपकार मी तुला कधी बोलून दाखवले नाहीत. तू लगेच वर्गात उदाहरण म्हणून सांगितलं असतंस.

आणि मग आपलं मल्लिगेवरचं भांडण. देवनहळ्ळीकडची ती बाई आठवते ना? तिचं बाळ जन्मून दोन दिवसांत गेलं आणि त्याच्या पाठोपाठ तिला दूध भरून आलं. छाती दगडासारखी, हात टेकवता येईना. ती आपल्याला विचारत होती की हे आता कशाला आलं. तू गेटाबाहेरच्या फूलवालीकडून दोन मोळ, म्हणजे दोन हात लांब, मल्लिगे आणवलीस, माळ मोकळी करून तिच्या छातीवर पसरलीस आणि वर मऊ पंचा गुंडाळलास. फुलं सुकली की नवी. काही दिवसांत छाती हलकी झाली. जुन्या बायकांचा उपाय. गोळ्यांपेक्षा तुला तोच बरा वाटायचा, कारण फुलं बांधायला कुणीतरी तिच्याजवळ बसावं लागायचं. ती बाई घरी जाताना तुझा हात सोडत नव्हती.

मी म्हणाले, हे मुलींना शेवटी शिकवू. आणायचं आधी शिकू देत, आटवायचं नंतर. तू ताडकन म्हणालीस, "विमे, बाळ गेलेल्या बाईसमोर जिला बसता येत नाही, तिनं घरी जाऊन पापड लाटावेत. हे पहिल्याच महिन्यात शिकवायचं." मी म्हणाले, अर्धवट हातात असली विद्या देऊ नये. तू म्हणालीस, "सरी." सरी म्हणजे बरं, आणि तुझ्या तोंडी त्याचा अर्थ एकच, तुला पटलेलं नाही आणि तू तुझंच करणार आहेस. तू तुझंच केलंस. दर नव्या मुलीला पहिल्या महिन्यात मल्लिगे. दर वेळी मी तोंड वाकडं केलं आणि दर वेळी विषय अर्धा राहिला. पुढे बोलू, असं आपण दोघींनीही धरून ठेवलं होतं.

तू गेलीस त्या सकाळी रेखा तुझ्याकडेच होती. तुझी एकुलती एक लेक, बाळंतपणाला आलेली, मांडीवर सव्वा महिन्याची पोर. पोर छान धरत होती, वजन भरत होतं, तू नात बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तिच्या मांडीच्या वळ्या मोजून दाखवत होतीस. कॉफीचं पाणी चुलीवर होतं आणि तू स्वयंपाकघरात खाली बसलीस. त्यापुढचं मला लिहवत नाही.

दुपारी रेखाच्या सासूबाई होसकोट्याहून आल्या. त्यांच्यात इतक्या लहान बाळाला सुतकाच्या घरी ठेवत नाहीत. बाळ होसकोट्याला न्यायचं ठरलं. रेखानं मात्र इथेच राहायचं, कारण तुला दुसरं मूल नाही, आणि भाऊजी भिंतीला टेकून बसले होते ते उठायला तयार नव्हते. मी म्हणाले, दोघींना एकत्र ठेवा, इथे ठेवा नाहीतर तिथे. कुणी ऐकलं नाही. तू ओसरीवर निजलेली, तुझ्या उशाशी दिवा, अशा वेळी आवाज तरी किती चढवायचा? मग मी म्हणाले की निदान बाळाबरोबर मी जाते. तुझ्या वर्गातली शोभा, ती आनेकलची, सगळ्यांत हलक्या हाताची, तिला रेखाजवळ ठेवलं. बजावलं, "दर तीन तासांनी दूध काढायचं. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या मागं, छातीकडं दाबायचं, घासायचं नाही. निघालं नाही तरी काढत राहायचं." शोभा रडत होती, पण तिनं सगळं मला म्हणून दाखवलं. मी निश्चिंत मनानं गेले.

होसकोट्यात मी बाळाला बोंडल्यानं पाजलं, आपलं जुनं चोचीचं चांदीचं भांडं, कन्नडवाले ज्याला ओळले म्हणतात ते. बाटलीची सवय लागली तर पोर छाती विसरेल म्हणून. सासूबाई म्हणत, बाटली आणली आहे, उगीच कशाला त्रास? मी ऐकलं नाही. निम्मं पोटात, निम्मं माझ्या ब्लाऊजवर. तुझा जावई मोहन तिथल्याच कारखान्यात. रोज सुटल्यावर बसनं इकडे तुझ्या घरी यायचा आणि रेखानं काढलेल्या दुधाची डबी थर्मासात बर्फ घालून परत घेऊन जायचा. पहिल्या दिवशी डबी काठोकाठ. मी ती उघडली आणि तुझ्यासाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

मग डबी अर्धी आली. मग तळाशी. मग एकदा थर्मास हलवला तर नुसता बर्फ वाजला. सासूबाई म्हणाल्या, "आईच्या धसक्यानं आटलं, बिचारी." मी त्यांना तुझा पान्ह्याचा धडा ऐकवला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून फोन करून मी शोभाला रोज विचारायची, काढतेस ना? ती म्हणायची, "बघते विमलक्का." आवाज अगदी बारीक. मला वाटलं, घरात माणसं असतील. मी डब्याचं दूध कालवलं. डब्याच्या दुधाची जाहिरात करायची नाही असा कायदा आला आणि डब्यावरचं गुबगुबीत बाळ निघून गेलं, तेव्हा तू वर्गात पेढे वाटले होतेस. मी मनातल्या मनात तुझ्याशी बोलत कालवलं: आधी बाळाचं पोट, मग आईचं दूध राखायचं, मग दोघींची गाठ घालून द्यायची, हा क्रम तूच सांगितलेला ना? पोट मी सांभाळते आहे. दूध शोभा सांभाळते आहे.

तेराव्याला बाळ घेऊन आले. पंगती उठल्यावर रेखानं पदर बाजूला केला, पोरीनं वास घेतला आणि एवढं मोठं तोंड उघडलं की मी हात जोडायचेच बाकी होते. हनुवटी टेकली. अगदी बिनचूक धरलं. चार-पाचदा ओढलं, थांबली, परत ओढलं आणि मग आईच्या तोंडाकडे बघून जे रडायला लागली ते थांबेचना. रेखाची छाती मऊ, रिकामी होती. शोभा दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "विमलक्का, मल्लिगे बांधली."

सुतकाच्या घरात फुलं आली आणि कुणी हटकलं नाही, अक्का. सगळ्यांना वाटलं तुझ्या फोटोसाठी आहेत. शोभा डब्यातून आणायची, खोलीत न्यायची आणि दार लावायची. मी तिला काय काय बोलले ते तुला सांगत नाही. तुझं नाव घेऊन बोलले. अक्कानं शिकवलेलं अक्काच्याच नातीच्या तोंडून काढून घेतलंस, असंही बोलले. तिनं चपला घातल्या आणि ती गेली. मला त्या क्षणी, एवढ्या सगळ्यात, आपलं भांडण मी जिंकल्यासारखं वाटलं. हे तुला कळायलाच हवं.

मग सुरू झाली आपली नेहमीची लढाई, या वेळी माझी एकटीची. गेलेलं दूध परत आणता येतं, हे आपण दोघींनी मिळून केलेलं आहे. बाळाला छातीला लावायचं आणि वरून चमच्यानं थेंब थेंब दूध सोडायचं, म्हणजे ते ओघळत टोकापर्यंत येतं, बाळाला वाटतं इथूनच येतंय आणि ते ओढत राहतं. ओढण्यानं शरीराला परत आठवण होते. दिवसातून कितीदा तरी केलं. पाठ चोळली, शेक दिला, अळिवाची खीर दिली. अळिवाचा उपयोग किती आणि समजूत किती, यावरही आपलं एकमत नव्हतं. चार थेंब आले तेव्हा मी मोहनला फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोनच आले. मग नुसतं ओलं. पोर शहाणी झाली. चमचा थांबला की छाती सोडून द्यायची. वजन जिथल्या तिथे. रेखा सांगितलं की पदर बाजूला करायची आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोच्या उलट दिशेला तोंड करून बसायची.

परवा चमचा माझ्या हातातून तिनं काढून घेतला. म्हणाली, "मौशी, पुरे."

मी म्हणाले, "आणखी आठ दिवस बघू. शोभानं जे करून ठेवलंय..."

"शोभाला बोलू नको. ती नाहीच म्हणत होती. मी पाया पडले तिच्या." बाळाच्या टोपऱ्याच्या नाड्या सोडत आणि बांधत होती. "ती काढायला बसली की पान्हा फुटायचा, मौशी. वाटीत धार पडलेली ऐकू यायची. घरात आई नाही, पोर नाही, आणि दूध येतंय आपलं धो धो. मला ते सोसवेना. आईच म्हणायची ना, ज्यांचं गेलंय त्यांना मल्लिगे बांधतात म्हणून? माझं पण गेलं होतं की. मला कुणीतरी जवळ बसून बांधायला हवं होतं."

अक्का, मी होसकोट्यात पोरीचं तोंड राखत बसले होते. शोभानं जे समोर दिसलं त्यावर तुझा उपाय केला. तिला आई मेलेली लेक दिसली, बाळ असलेली आई दिसली नाही. तू पहिल्या महिन्यात शिकवलं होतंस तेच तिनं केलं, बाईसमोर बसली. हा उपाय कुणाला करायचा नाही, ते तू कधी वेगळं सांगितलं नव्हतंस, आणि मीही नाही, कारण मला तो विषयच नको होता. आता यात तुझं बरोबर होतं की माझं, ते मला लावता येत नाही. जिंकल्यासारखं वाटलेलं तेही राहिलं नाही.

शोभाला लगेच निरोप पाठवला की परत ये. आनेकलहून उलट निरोप आला की ती कपड्यांच्या कारखान्यात लागली आहे आणि तिला आता बाळंतिणींचं काम नको. वर्गात बाकीच्या मुली तेराव्यानंतर दोन शनिवार येऊन बसल्या होत्या. मी उभी राहिले, पान्ह्याबद्दल बोलायला लागले आणि मला पुढे बोलता येईना. खोलीत परत सलाइनची खोकी आली आहेत.

आज सकाळी रेखानं मोहनला सांगून बाटली आणवली. माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "दाखव." मी पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. बाटली आणि बूच सुटं करून कसं उकळायचं, पाणी आधी आणि पावडर नंतर, मापाच्या वर दाबून घ्यायची नाही, मनगटावर थेंब टाकून बघायचं, उरलेलं ओतून द्यायचं, ठेवून परत द्यायचं नाही, सगळं नीट सांगितलं. पोरीला निजवून पाजायचं नाही, अंगाशी घ्यायचं, तिच्याकडे बघत पाजायचं, तेही सांगितलं. रेखा तुझी लेक आहे, एकदा ऐकलं की तिला परत विचारावं लागत नाही.

पोरीनं सगळी बाटली संपवली. भुकेल्या बाळाच्या मुठी आवळलेल्या असतात आणि पोट भरलं की सुटतात; तिच्या सुटल्या, बोटं एकेक करून उघडली आणि ती झोपली. रेखानं तिला तसंच धरून ठेवलं होतं. थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, "बरोबर धरलं ना, मौशी?"

मी म्हणाले, "बरोबर धरलंस."